वाकडं कापणारी करवत

नोव्हेंबरच्या वादळात समुद्राने आमच्या सासऱ्यांची शेड नेली, तेव्हा हार्नेस कोव्ह या आमच्या खाडीकाठच्या गावात कुणी मोठ्याने हळहळलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडावर हळहळायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या दिवशी माणसं आली, किनाऱ्यावर वाहून आलेल्या फळ्या वेचल्या, घरामागे रचून ठेवल्या, चहा प्यायली आणि वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलून गेली. शेडमधल्या मोठ्या करवतीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

ती करवत सासऱ्यांच्या वडिलांनी बनवलेली होती. जुन्या ट्रकची दोन चाकं, एक वर आणि एक खाली, त्यांच्यावरून पट्ट्यासारखं फिरणारं पोलादी पातं, आणि ते फिरवायला बोटीचं काढून टाकलेलं इंजिन. ते सुरू झालं की टुकटुक आवाज पाण्यापलीकडे जायचा. पलीकडच्या बायका म्हणायच्या, सेल्बी लागला कामाला, आता बटाटे चुलीवर टाकायला हरकत नाही. कोव्हमधली एकूण एक होडी त्या करवतीखालून निघाली होती. आता ओहोटी मोठी असली की तिचं एक चाक खडकात अडकलेलं दिसायचं, आणि सासरे खिडकीत बसून ते बघायचे.

सासऱ्यांचं नाव सेल्बी, पण त्यांना सगळा गाव स्किपर म्हणायचा, मीही स्किपरच म्हणायचे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, हात फावड्याएवढे. मी ड्रूसी, त्यांच्या मुलाची, गार्लंडची बायको. मासेमारीवर बंदी आली, मासळी कापून गोठवायचा कारखाना, फिश प्लँट, बंद पडला, तेव्हा आमच्या कोव्हमधले निम्मे तरुण दूर अल्बर्टाला गेले. गार्लंडही तिकडे तेलाच्या कामावर लागला. मी मागे राहिले, कारण सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या आणि म्हातारा एकटा राहिला असता तर रोज बिस्किटं आणि चहावर दिवस काढला असता.

वादळानंतरच्या रविवारी गार्लंडचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेड गेली, करवत गेली, आता बाबा तिथं काय करणार? जूनमध्ये मी येतो, घर बंद करू, तुम्ही दोघं इकडे या. तिथं गरम घर आहे, दवाखाना जवळ आहे. मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. पण मला त्या गरम घराची धडकी भरली. मी हार्नेस कोव्हची. लग्न होऊन आले तीसुद्धा पाण्याच्या त्या काठावरून या काठाला. दिवसभर खिडकीतून दुसऱ्याच्या गाड्या बघत बसायचं, म्हणजे जिवंतपणी पेटीत घातल्यासारखं.

स्किपर फोनवर एवढंच म्हणाले, "ओबीची होडी करायची हाय." शेजारच्या ओबीची होडी त्याच वादळात फुटली होती, आणि ती स्किपरनी करून द्यायची हे न बोलताच ठरलं होतं.

"कशाने करणार, बाबा? दातांनी?" गार्लंडने विचारलं.

मग नाताळाच्या आधी शहरातल्या दुकानातून ट्रकने एक खोकं आलं. गार्लंडने पाठवलेली करवत. सेलमध्ये मिळालेली, स्वस्तातली. खोकं माझ्या कमरेएवढं, आणि आतलं मशीन बघून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. पत्र्याची दारं, हलका पाया, हिरवा रंग, ढोबळ सांधे. सासूबाई जिथं मेंढ्या बांधायच्या त्या घरामागच्या खोपटीत स्किपरनी ती उभी केली, कोपऱ्यात लहान शेगडी बसवली, आणि गाव बघायला आला.

ओबी आला. उंच, सडपातळ माणूस, कायम नाक गळणारं. त्याने करवतीभोवती एक फेरी मारली. "हलकी हाय," तो म्हणाला. पलीकडच्या काठावरचा हेडली आला. चर्चची बाकं त्याच्या हातची, त्यामुळे तो सुतारांतला पाद्रीच समजा. त्याने पत्र्याचं दार उघडून बंद केलं. "रंग बरा हाय," तो म्हणाला. यापेक्षा वाईट कुणी काही बोललं नाही, आणि बोलणारही नव्हतं.

ते का, हे सांगायला हवं. आमच्याकडे हत्याराला दोष द्यायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून घेण्यापेक्षा माणूस बोटं तोडून घेईल. खूप वर्षांपूर्वी आर्थर नावाच्या एकाने हिवाळ्यात लाकडं कमी पडली तेव्हा म्हटलं, कुऱ्हाड बोथट होती. झालं. तो मरेपर्यंत बोथट आर्थर राहिला. त्याची मुलं बोथटाची पोरं, आणि त्याची नात टोरांटोला डॉक्टर आहे, तिलाही गावात बोथटाची डॉक्टर म्हणतात.

जानेवारीत बर्फ बसलं तसे स्किपर आणि ओबी स्नोमोबाइल, ती बर्फावरची गाडी, घेऊन रानात जायला लागले. होडीच्या बरगड्यांना सरळ लाकूड चालत नाही. जिथं झाड खडकावरून वळून वर गेलेलं असतं, त्या बुंध्याची वाकडी मुळी लागते, म्हणजे रेषा लाकडाच्या तंतूंबरोबर वळते आणि बरगडी तुटत नाही. एका झाडासाठी ते दोघं अर्धा दिवस हिंडायचे. संध्याकाळी स्किपर यायचे तेव्हा भुवयांवर बर्फ, मोज्यांना वास, आणि चेहऱ्यावर वादळापासून न दिसलेला रंग. मी काकवी घालून पिठाच्या गोळ्या तळून द्यायचे. ते चार-चार खायचे. मला वाटलं, बरं झालं, म्हातारा परत आला.

फेब्रुवारीत कापायला सुरुवात झाली.

स्किपरकडे वडिलांचा साचा होता. तीन पातळ फळ्या, त्यांवर खुणा. खूण खुणेला लावली की होडीच्या त्या जागेच्या बरगडीचा आकार मिळतो. साचा शेडमध्ये नव्हता म्हणून वाचला. तो घरातच, त्यांच्या पलंगाखाली असायचा. त्यांनी पहिल्या बुंध्यावर साचा ठेवला, जाड पेन्सिलीने रेषा ओढली, करवत सुरू केली. आवाज टुकटुक नव्हता. मधमाशी पत्र्याच्या डब्यात कोंडावी तसा होता. लाकूड पुढे सरकलं, आणि बघता बघता पातं रेषेच्या डावीकडे गेलं. स्किपरनी मनगट वळवलं. पातं थोडं परत आलं, मग पुन्हा डावीकडे. टोकाला पोचलं तेव्हा बरगडीची एक बाजू रेषेबाहेर जाड राहिली होती आणि दुसरी आत खाल्लेली होती.

त्यांनी करवत बंद केली. तुकडा उचलून खिडकीजवळ नेला आणि बराच वेळ बघितला. मग दुसरा बुंधा घेतला. तोही तसाच. तिसरा सगळ्यांत चांगला होता. तो बर्फातून ओढून आणताना ओबीच्या पाठीत उसण भरली होती. तोही वाया गेला.

दुपारी जेवायला आले तेव्हा त्यांनी हात टेबलावर पालथे ठेवले. सूप थंड होत होतं.

"पोरी," ते म्हणाले, "हात गेले माझे."

मी म्हटलं, "करवत वाकडी कापतीय, स्किपर. हात कशाला जातील?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझी समजूत काढू नकोस. मी काय आर्थर हाय?"

रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी मला बोलू दिलं नाही. रिसीव्हर धरून म्हणाले, बरं, जूनमध्ये येतो. मग गार्लंडने मोज्यांचा साइज विचारला तर तोही सांगितला. फोन ठेवून खिडकीत जाऊन बसले. त्या दिवशी चाक दिसत नव्हतं, भरती होती, तरी तिकडेच बघत राहिले. मी स्वयंपाकघरात भांडी इतकी जोरात घासली की एक कप फुटला.

आता माझं सांगते. फिश प्लँटमध्ये मी बारा वर्षं काढली, त्यातली बरीचशी पट्ट्याच्या करवतीवर. गोठवलेल्या मासळीच्या लाद्या कापायचं काम. पांढरे बूट, डोक्याला जाळी, आणि हात दिवसभर बर्फात. तिथं आम्ही सगळ्या बायका होतो, आणि आम्हाला असली इभ्रत नव्हती. लादी वाकडी कापली गेली की आम्ही मशीनला अशा शिव्या घालायचो की फोरमन कानात बोटं घालायचा. मग मेकॅनिक येऊन कुठं काहीतरी ठोकायचा, पात्याला दगड लावायचा, आणि ते पुन्हा सरळ जायचं. म्हणजे पट्टा एका बाजूला ओढतो तेव्हा हाताला कसं लागतं, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी स्किपर झोपले असताना मी खोपटीत गेले. एक फळी घेतली, पट्टी लावून सरळ रेषा ओढली, आणि कापली. पातं डावीकडे गेलं. लादी ओढायची तशीच ओढ. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. पण मी जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले असते, सून आहे, बाईमाणूस आहे, तिचं वाकडंच जाणार. मी फळीवर माझं नाव लिहिलं आणि ती चुलीमागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओबी उसन्या साखरेसाठी आला. मी म्हटलं, ओबी, मला ती फळी जरा सरळ कापून दे, कोंबड्यांच्या दाराला हवी. तो गेला. करवत वाजली आणि थांबली. बराच वेळ कुणी बाहेर येईना. मी दारातून बघितलं तर ओबी फळीकडे बघत उभा होता आणि नाक पुसायचंही विसरला होता.

"थंडीने बोटं आखडलीत," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगू नगंस, ड्रूसी."

मी सांगणार नाही म्हटलं. तो साखर न घेताच गेला. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन, याला काय झालंय, जेवत नाही, म्हणतो मी म्हातारा झालो.

मग मी हेडलीला बोलावलं. काहीतरी कारण काढलं, खिडकीची चौकट का काय. चर्चची बाकं बनवणारा माणूस. त्याने फळी हातात घेतली, डोळा मिटून कड बघितली, पाय पसरून उभा राहिला. मला वाटलं हा मशीनलाच लाजवणार. पातं डावीकडे गेलं. हेडलीने फळी उलटी करून बघितली, जणू मागची बाजू तरी सरळ असेल. "चष्मा घरी विसरलो," तो म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

असंच, स्किपर घरात नसताना, आठवड्याभरात मी आणखी दोघांना आणलं. दोघेही मान खाली घालून गेले, आणि दोघांनीही विनवलं की स्किपरला कळू देऊ नकोस. रस्त्यावर हे सगळे एकमेकांना भेटायचे, हवामानावर बोलायचे आणि हात खिशात ठेवायचे. हार्नेस कोव्हमधले अर्धे पुरुष त्या महिन्यात मनातून संपले होते, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं नाही. मला हसू यायचं आणि कधी कधी रडूही. एक शब्द बोलला असता कुणी, तर सगळे सुटले असते.

रविवारी मी खारवलेलं मांस, कोबी आणि सलगम शिजवलं. स्किपर चर्चमधून आले, कोट काढला, टेबलाशी आले. टेबलावर ताट नव्हतं. पाच फळ्या होत्या, आणि स्किपरची वाया गेलेली बरगडी. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने नाव.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"जेवण मागनं वाढते," मी म्हटलं. "आधी हे बघा."

त्यांनी पहिली उचलली. ड्रूसी. बाजूला ठेवली. ओबी. तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. हेडलीची फळी हातात आली तेव्हा ते खाली बसले. नाव पुन्हा वाचलं, मग बोटाने पुसून बघितलं.

"हेडलीनं कापली ही?"

"माझ्यासमोर."

मग त्यांनी ओबीची फळी हेडलीच्या फळीवर ठेवली, कडेला कड. दोन्ही वाक एकमेकांवर बसले. त्यावर माझी ठेवली. तीही बसली. सगळ्या फळ्या एकावर एक ठेवल्या तर डावीकडचा तो वाक एकाच हाताने काढल्यासारखा खालून वर एकसारखा दिसत होता. स्किपरनी त्यावरून अंगठा फिरवला, खालपासून वरपर्यंत, पुन्हा खालपासून वरपर्यंत. कोबी करपायला लागली होती, पण मी उठले नाही.

"सगळ्यांचे हात एकाच दिशेनं कसे जातील, स्किपर?" मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत, वाहू दिले. मग उठले, रविवारचे बूट तसेच, कोट न घालता, खोपटीकडे चालायला लागले. दारात थांबून म्हणाले, "हेडलीला जेवायला बोलीव. ओबीला पण. जे हायत तेवढे सगळे बोलीव."

सगळे आले. फळ्यांचा ढीग टेबलावर मधोमध होता. कुणी कुणाकडे बघेना. हेडलीने ढिगावरून हात फिरवला, ओबीकडे बघितलं, ओबीने हेडलीकडे. मग ओबी हसायला लागला. नाक गळत होतं, डोळे गळत होते आणि तो हसत होता. हेडली म्हणाला, "माझ्या बायकोला मी सांगितलं, मला लकवा होतोय." ते ऐकून स्किपर हसले. वादळानंतर पहिल्यांदा मी त्यांचं हसणं ऐकलं. करपलेली कोबी सगळ्यांनी खाल्ली आणि कुणी तिलाही नाव ठेवलं नाही.

तरीसुद्धा करवत वाईट आहे, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. स्किपर म्हणाले, "हिला कुणी काही शिकवलं न्हाई. पोर हाय. शिकवू."

सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस असतील, आणि तेव्हा मला ते कळलं नाही. बाहेर खाडीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते, आत शेगडी, आणि मेंढ्यांचा जुना वास उष्णतेने पुन्हा वर यायचा. स्किपरनी पत्र्याची दारं काढून बाजूला ठेवली. वरच्या आणि खालच्या चाकावर लांब सरळ फळी टेकवली. खालचं चाक फळीला लागत होतं आणि वरचं मागे राहत होतं. दोन चाकं एका रेषेत नाहीत, मग पातं कुठं जाणार? त्यांनी वरचं चाक काढलं, आपल्या खिळ्यांच्या डब्यात शोधून त्याच्यामागे एक चकती घातली, पुन्हा फळी लावली. थोडं कमी. दुसरी पातळ चकती. आता फळी दोन्हीकडे टेकली. त्यांनी मला बोलावून ती फट दाखवली. म्हणजे फट नाही हे दाखवलं.

मग चाकावरचं रबर. स्किपरनी पेन्सील चाकाच्या अगदी जवळ धरली आणि मला चाक हाताने फिरवायला सांगितलं. एका जागी पेन्सील घासायची, दुसऱ्या जागी बोट जाईल एवढी जागा. "हितं फुगलंय," ते म्हणायचे, आणि खडू लावायचे. काठीला सँडपेपर गुंडाळून मी तास न् तास चाक फिरवलं, ते घासत राहिले. रबराचा काळा भुगा आमच्या नाकातोंडात. संध्याकाळी शिंकलं तरी काळं निघायचं.

चाक मोकळं सोडलं की फिरून फिरून एकच बाजू खाली येऊन थांबायची. ती जड होती. म्हणून मशीन चालताना सगळी खोपटी थरथरायची. स्किपरनी मासे पकडायच्या गळाचं शिसं वितळवलं, त्याची गोळी करून हलक्या बाजूला बसवली. जास्त झालं. सुरीने कोरून कमी केलं. असं तीन वेळा. शेवटी चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबायला लागलं. ओबीने आपल्या बंद पडलेल्या बर्फ उडवायच्या मशीनचा पट्टा काढून आणला, कारण हिचं चाक फिरवणारा पट्टा खोक्यात पडून पडून दुमडला होता आणि दर फेऱ्याला ठोका देत होता. हेडलीने करवतीच्या टेबलाखाली घालायला दुधाच्या डब्याचा पत्रा कापून आणला. रोज कुणीतरी यायचं, हातात काहीतरी असायचं, पण खरं तर यायचं ते बोलायला. शेडमध्ये पूर्वी असंच असायचं. मला सासूबाईंची आठवण यायची. त्या चहाची किटली घेऊन शेडच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, इतके पुरुष एका जागी आणि एकाचाही उपयोग नाही.

पात्याला दोन्हीकडून सरळ धरायला लहान लहान ठोकळे असतात. हिचे मऊ धातूचे होते आणि आपल्या खोबणीत हलत होते. स्किपर पलंगाखालून एक जुनी कप्पी घेऊन आले, त्यांच्या वडिलांच्या मोठ्या होडीची. तिचं चाक लाकडाचं, पण असं लाकूड की पाण्यात दगडासारखं बुडतं आणि आपोआप तेलकट राहतं. मला वाटलं आता हात कचरणार, वडिलांची वस्तू. त्यांनी ती शिकंज्यात धरली आणि हातकरवतीने कापली. त्याचे चार ठोकळे केले. पात्याला टेकू नयेत पण सुटूही नयेत म्हणून मधे सिगरेटचा कागद घालून बसवले, मग कागद ओढून काढला.

एवढं करून कापलं. तरीही थोडंसं डावीकडे, केसभर. स्किपर थांबले. मला दिसलं, त्यांची नजर पुन्हा स्वतःच्या हातांकडे वळतेय.

"पात्याला दगड लावा," मी म्हटलं. "डाव्या बाजूला. दात त्या बाजूला जास्त वळलेत. प्लँटमधला मेकॅनिक लावायचा."

त्यांनी मला दगड दिला. "लाव मग."

मी कधी लावला नव्हता, नुसता बघितला होता. पातं फिरत होतं. मी दगड डाव्या बाजूला अलगद टेकवला, ठिणग्यांची एक ओळ उडाली, मी काढून घेतला. इतकंच. स्किपरनी फळीवर रेषा ओढली आणि पुढे सरकवली. पातं रेषेवरून गेलं. रेषा दोन भागांत वाटली गेली, अर्धी या तुकड्यावर, अर्धी त्या तुकड्यावर. कुठंही मनगट वळवावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही तुकडे मला दिले आणि आपला उजवा हात वर धरून बघितला, पालथा, मग उताणा. मग तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. लग्नाच्या दिवशीही त्यांनी तसं केलं नव्हतं.

मार्च संपेपर्यंत बरगड्या एकीमागे एक निघायला लागल्या. ओल्या लाकडाचा गोड वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ओबीने होडीच्या तळाचा कणा आणला. पण जूनचं तिकीट गार्लंडने काढलं होतं, आणि स्किपरनी मुलाला शब्द दिला होता. आमच्याकडे दिलेला शब्द मागे घेत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, होडी करून देतो ओबीला आणि मग जाऊ. रोज एक बरगडी वाढत होती आणि मी ती मोजायचं टाळत होते. स्किपर आता ज्या वेगाने कापत होते, त्या वेगाने मे महिन्यातच होडी पाण्यात गेली असती.

एप्रिलमधल्या एका रविवारी गार्लंडचा फोन आला. मी डावाने रस्सा ढवळत होते, रिसीव्हर स्किपरच्या कानाला. गार्लंडचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. तिकडे त्याने वडिलांसाठी खोली रंगवून घेतली होती. खिडकीला पडदे कोणत्या रंगाचे लावू, असं विचारत होता. स्किपर ऐकत होते. मग म्हणाले, "गार्लंड, जूनमध्ये जमायचं न्हाई रे."

"का? होडी राहिलीय का?"

"व्हय."

"किती दिवस लागतील, बाबा?"

स्किपरनी खोपटीकडे बघितलं. तिथं सकाळीच कापलेल्या दोन बरगड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, सुरीने लोणी कापावं इतक्या साफ.

"सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "करवत वाईट हाय."

माझ्या हातातला डाव रश्श्यात पडला. गार्लंड या कोव्हमध्ये वाढला होता. त्याच्या बापाने आयुष्यात कधी कुऱ्हाडीला, गळाला, इंजिनाला की मेलेल्या कुत्र्यालासुद्धा दोष दिलेला नव्हता, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता.

"फारच वाईट हाय का, बाबा?" शेवटी त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"लई वाईट."

"बरं," गार्लंड म्हणाला. "मग लागू दे वेळ."

त्याने हवेचं विचारलं, माझं विचारलं, आणि फोन ठेवला. पडद्यांचं पुन्हा नाव काढलं नाही. स्किपर टेबलाशी आले, हात धुतले आणि दोन वेळा रस्सा मागून घेतला.

ओबीची होडी मेमध्ये पाण्यात उतरली. त्यानंतर हेडलीची झाली, मग पलीकडच्या काठावरच्या दोघांची. दर हिवाळ्यात खोपटीतून आवाज यायचा आणि पलीकडच्या बायका बटाटे चुलीवर टाकायच्या. दर वसंतात गार्लंड फोनवर विचारायचा, बाबा, करवत कशी आहे, आणि स्किपर सांगायचे, वाईट आहे. ते गेले तोपर्यंत ती वाईटच राहिली.